पैशाचं सोंग आणता येत नाही: देश दिवाळखोर झाला की संरक्षणाचं काय होतं?

हिशेबनीस:
गेल्या आठवड्यात एका मित्राशी तासभर वाजलं, त्यातून हा धागा. त्याचं म्हणणं, तिजोरी हा अर्थमंत्र्याचा विषय आणि सीमा हा लष्कराचा, उगाच खिचडी करू नका, सैन्य मजबूत असलं की बास. मला हे अजिबात पटत नाही. का पटत नाही ते सांगायला श्रीलंकेइतकं सोपं उदाहरण नाही, कारण ते आपल्या डोळ्यांदेखत झालंय.

२०१९ च्या शेवटी त्यांच्याकडे साडेसात अब्ज डॉलरच्या आसपास परकीय चलनाची गंगाजळी होती. मग गोटाबाया राजपक्षे राष्ट्राध्यक्ष म्हणून आले, आल्या आल्या व्हॅट १५ टक्क्यांवरून ८ वर आणला, त्याआधी एप्रिल २०१९ चे ईस्टरचे बॉम्बस्फोट झालेलेच होते त्यामुळे टुरिझम आडवं, वर कोविड, वर २०२१ मध्ये एका रात्रीत रासायनिक खतं बंद. मे २०२२ मध्ये त्यांचेच अर्थमंत्री सांगत होते की वापरता येईल असे डॉलर ५ कोटीसुद्धा नाहीत. एवढ्यात एखादी मोठी कंपनी चालत नाही, हा सव्वादोन कोटींचा देश आहे.

आता सुरक्षेचं बघा. १२ एप्रिलला परदेशी कर्जाचे हप्ते थांबवले. पेट्रोल पंपावर सैनिक उभे करावे लागले, जूनमध्ये एका पंपावर लष्कराने गोळीबारही केला. ९ जुलैला लोक राष्ट्राध्यक्षांच्या घरात घुसले, १३ ला गोटाबाया हवाई दलाच्या विमानातून मालदीवला पळाले. ज्या माणसाने संरक्षण सचिव म्हणून एलटीटीई ही तमिळ बंडखोर संघटना संपवली असं सगळं बेट मानत होतं, त्याला गॅस सिलिंडरच्या रांगेने पळवलं. आणि महिनाभरात, १६ ऑगस्टला, त्यांच्या हंबनटोटा बंदराला चीनचं युआन वांग ५ येऊन लागलं. उपग्रह आणि क्षेपणास्त्रांचा माग काढणारं जहाज, आपल्या दारात.

माझा मुद्दा एवढाच की पैसे संपले म्हणून कुणी लगेच आक्रमण करत नाही, पण दारात येऊन उभा राहिलेल्याला नाही म्हणायची ताकद जाते. त्या जहाजाला आधी परवानगी दिली, मग भारताने कुरकुर केल्यावर पुढे ढकला म्हणाले, मग परत या म्हणाले. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं कर्ज हवं तर आधी कर्ज देणाऱ्या देशांची हमी लागते आणि त्यातला सगळ्यात मोठा देश चीन. अडला हरी.

तांबडा पांढरा:
हिशेबनीस, लिहिलंय झकास पण निष्कर्षाशी पूर्ण असहमत.

चिनी पाणबुडी कोलंबोला कधी आली होती आठवतंय का? २०१४. सप्टेंबरमध्ये एकदा आणि पुन्हा महिना दीड महिन्याने. तेव्हा श्रीलंका कंगाल होती का? उलट युद्ध संपून पाच वर्षं झालेली, रस्ते बंदरं विमानतळ सगळं जोरात चालू होतं, थोरले राजपक्षे, म्हणजे गोटाबायांचे भाऊ महिंदा, ऐटीत होते. आणि २०१७ मध्ये, जेव्हा कर्जाने मान मोडायला आली होती आणि हंबनटोटा भाड्याने द्यायची बोलणी चालू होती, तेव्हा चीनने परत पाणबुडीसाठी विचारलं तर सरळ नकार दिला. म्हंजे पैसे होते तेव्हा हो म्हणाले आणि नव्हते तेव्हा नाही म्हणाले. तुमच्या थिअरीच्या बरोब्बर उलटं.

फरक कुठला? गादीवर कोण बसलंय हा. महिंदा राजपक्षे राष्ट्राध्यक्ष होते तेव्हा चीन, त्यांच्यानंतर सिरिसेना होते तेव्हा जरा आपल्याकडे कल. तिजोरीचं कारण सांगितलं की कसं शास्त्रशुद्ध वाटतं, पण निर्णय माणसं घेतात राव.

वाचनमात्र:
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चालू द्या.

नाखवा:
मी आयुष्य बोटीवर काढलंय, त्यामुळे अर्थशास्त्र सोडून जहाजांचं सांगतो.

काळ्या समुद्रावर मायकोलाइव्हला सोव्हिएत युनियनची विमानवाहू जहाजं बांधायचं शिपयार्ड होतं. देश फुटला तेव्हा वर्याग नावाचं एक अर्धवट जहाज तिथे उभं होतं, ते युक्रेनच्या वाट्याला आलं. पगार द्यायला पैसे नाहीत तर जहाज कुठून पुरं करणार, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून. १९९८ मध्ये २ कोटी डॉलरला विकलं. घेणारी मकाऊची कंपनी, सांगितलं काय तर तरंगता कॅसिनो करणार. झाला का कॅसिनो? २०१२ ला तेच जहाज लिआओनिंग नावाने चिनी नौदलात दाखल झालं, त्यांची पहिली विमानवाहू नौका. आज चीन जी स्वतःची बांधतोय ती सगळी हे उघडून शिकून.

आणि आपण हसायचं कारण नाही, आपली विक्रमादित्य पण तशीच. गोर्शकोव्ह रशियाला चालवायला परवडेना म्हणून १९९६ ला बाजूला काढली, २००४ ला आपण करार केला, किंमत वाढत वाढत २.३५ अब्ज डॉलरपर्यंत नेली आणि २०१३ ला मिळाली एकदाची.

त्यामुळे एका देशाचं दिवाळं वाजलं की सुरक्षेचा फटका त्याच देशाला बसतो असं नाही, तो कुठे तरी तिसरीकडेच आणि पंधरा वीस वर्षांनी बसतो. युक्रेनचा खिसा रिकामा झाला आणि हिंद महासागरातलं गणित बदललं. यात सिरिसेना का राजपक्षे असा प्रश्नच येत नाही, तांबडा पांढरा.

पेठेतला:
पैशाच्या अडचणीने युद्ध हरायचं उदाहरण शोधायला काळ्या समुद्रावर कशाला जायला पाहिजे. भाऊसाहेबांनी १७६० मध्ये दिल्लीच्या लाल किल्ल्यातलं दिवाण-इ-खासचं चांदीचं छत काढून त्याचे रुपये पाडले. फौज नुसती उभी ठेवायला पैसा नव्हता. पुढे पानिपतावर रसद तुटली आणि जनावरं, माणसं उपाशी. मग १४ जानेवारीला उपाशीपोटी लढायची वेळ आली.

वाचनमात्र:
आलं पानिपत. मी मनातल्या मनात दहाव्या प्रतिसादाला येईल असं धरलं होतं, फारच लवकर आलं.

पेठेतला:
हसा लेको. पुण्याहून पत्रं जायची त्यात लढाई कमी आणि कर्ज, हुंडी, सावकार हेच जास्त असायचं.

तांबडा पांढरा:
नाखवा काका, वर्यागचं मान्यच आहे, पण तो भंगाराचा बाजार झाला. मी बोलतोय ते धोक्याबद्दल. हिशेबनीसांच्या हिशेबाने कंगाल देश कमजोर होतो, दबतो. मग पाकिस्तानचं काय करायचं?

मे १९९८, चगाई. अणुस्फोट केले त्याच दिवशी लोकांची परकीय चलनातली खाती गोठवली, आणि बँकेत डॉलर ठेवणारा सामान्य माणूस रडत बसला. तिजोरीत खडखडाट, वर निर्बंध. आणि वर्ष व्हायच्या आत कारगिल! कंगाल देश घरात गप्प बसायला पाहिजे होता ना? आता अलीकडचं. २०२३ च्या फेब्रुवारीत त्यांची गंगाजळी ३ अब्ज डॉलरच्या खाली, मे महिन्यात महागाई ३८ टक्के, गव्हासाठी चेंगराचेंगरी. आणि मे २०२५ ला, सिंदूर चालू असताना, ९ तारखेला नाणेनिधीने त्यांना आणखी १ अब्जाचा हप्ता मंजूर केला, आपण मतदानापासून लांब राहिलो. पुढच्या महिन्यातल्या बजेटमध्ये सरकारचा एकूण खर्च कमी केला आणि संरक्षणाचा २० टक्के वाढवला. बंदुकीचा हिस्सा कधीच कमी होत नाही, कमी होतो तो दवाखान्याचा आणि शाळेचा.

म्हणून आमच्याकडे काही लोक पाकिस्तान दिवाळखोर झाला की पेढे वाटतात त्यांचं मला हसू येतं.

कुवेत रिटर्न:
एक वेगळंच टोक मांडतो. सगळे एका दिशेने बोलताय, संकट आधी आणि सुरक्षा नंतर. प्रत्यक्षात ते चक्र असतं, आणि ते आमच्या घरात येऊन गेलंय.

इराणशी झालेल्या युद्धातून बाहेर पडला तेव्हा इराक कर्जात बुडालेला, त्यातलं बरंच कुवेत आणि सौदीचं. १९९० च्या पूर्वार्धात तेलाचा भाव पडत गेला, सद्दाम म्हणायला लागला की कुवेत जास्त तेल काढून मुद्दाम भाव पाडतोय आणि कर्जही माफ करत नाही. २ ऑगस्टला घुसला. म्हणजे सावकाराचं देणं फेडण्यापेक्षा सावकाराचं घरच ताब्यात घेतलं. आता याला काय म्हणाल, आर्थिक संकटातून युद्ध की अजून काही?

तिथे पावणेदोन लाखाच्या आसपास भारतीय, त्यात केरळचे सगळ्यात जास्त पण आपल्या रत्नागिरी रायगडचे आणि गोव्याचेही भरपूर. माझे मामा अम्मानमार्गे एअर इंडियाने मुंबईला आले, अंगावरच्या कपड्यांनिशी. त्यांच्या नोकऱ्या गेल्या, घरी येणारे पैसे बंद, तेल महाग झालं, आणि आधीच फाटलेली भारताची तिजोरी पुरती उघडी पडली. १९९१ मध्ये दोन तीन आठवड्यांच्या आयातीपुरते डॉलर उरले होते. आधी मे महिन्यात २० टन सोनं स्विस बँकेकडे गेलं, जुलैमध्ये ४७ टनाच्या जवळपास रिझर्व्ह बँकेचं बाहेर पाठवलं, बँक ऑफ इंग्लंडकडे तारण.

इराकच्या कर्जापासून निघालेली लाट फिरत फिरत मुंबईत रिझर्व्ह बँकेच्या तिजोरीपर्यंत आली. इतकं सरळ उदाहरण असताना गादीवर कोण बसलंय एवढ्यावर सगळं ढकलणं बरोबर वाटत नाही.

हिशेबनीस:
कुवेत रिटर्न, +१. त्यात एक जोडतो जे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. जानेवारी १९९१, आखाती युद्ध चालू, आणि अमेरिकेची लष्करी मालवाहू विमानं मुंबईच्या विमानतळावर उतरून इंधन भरत होती. भारत, अलिप्ततावादाचा झेंडा घेतलेला देश! चंद्रशेखरांचं सरकार, बाहेरून पाठिंबा काँग्रेसचा, राजीव गांधींनी आरडाओरडा केला तेव्हा फेब्रुवारीत ते बंद झालं. त्याच जानेवारीत नाणेनिधीचं कर्ज मंजूर झालं होतं. दोन्हीचा थेट संबंध होता का यावर लोक अजून भांडतात, मला विचाराल तर सोन्याच्या विटा मोजत बसलेला देश अमेरिकेला इंधन नाकारत नाही.

आता तांबडा पांढरा, तुमच्या पाकिस्तानकडे येतो. तुम्ही १९९८ काढलंत ते बरं केलंत, कारण त्याच मे महिन्यात आपणही स्फोट केले आणि निर्बंध आपल्यावरही आले. आपण काय केलं? परदेशातल्या भारतीयांसाठी रिसर्जंट इंडिया बाँड काढले आणि ४.२ अब्ज डॉलर उभे केले. सात वर्षांपूर्वी सोनं गहाण टाकणारा देश निर्बंध अंगावर घेऊन उभा राहिला. कारगिलचं धाडस पाकिस्तानने केलं, हो केलं, पण ते पेलवलं का? जुलै १९९९ ला नवाज शरीफ वॉशिंग्टनला पळत गेले, ऑक्टोबरमध्ये लष्करप्रमुख मुशर्रफने त्यांनाच सत्तेवरून उडवलं, आणि २००१ मध्ये ९/११ नंतर अमेरिकेच्या एका फोनवर सगळं तालिबान धोरण फिरवलं आणि त्या डिसेंबरला पॅरिस क्लबने, म्हणजे कर्ज देणाऱ्या देशांच्या गटाने, साडेबारा अब्ज डॉलरचं कर्ज पुढे ढकलून दिलं. भांडायला पैसे लागत नाहीत, टिकायला लागतात.

तांबडा पांढरा:
पेलवलं नाही हे आपण म्हणायचं. द्रास, बटालिकला आपली ५०० च्या वर पोरं गेली. पाकिस्तान पुढे दमला का नाही याच्यापेक्षा तो आला हे महत्त्वाचं. तुमचा सिद्धांत आल्यानंतरचं सांगतो, मला येण्याआधीचं पाहिजे.

मिरची पूड:
सगळ्या दादा, काकांना एक प्रश्न. सुरक्षा म्हणजे कुणाची सुरक्षा? इथे सगळं जहाज, पाणबुडी, विमान.

श्रीलंकेचं लष्कर २ लाखाचं. सव्वादोन कोटीचा देश, युद्ध २००९ ला संपलं, शेजारी कुणी आक्रमण करायला टपलेलं नाही, तरी दोन लाख. का? कारण सैन्य कमी करणं कुठल्याच सरकारला मतांच्या दृष्टीने परवडत नव्हतं. जी गोष्ट शांततेने तेरा वर्षांत झाली नाही ती दिवाळखोरीने केली. जानेवारी २०२३ ला जाहीर केलं की पुढच्या वर्षी १ लाख ३५ हजार आणि २०३० पर्यंत १ लाख. उत्तरेत तमिळ लोकांच्या जमिनीवर अजून छावण्या आहेत, तिथल्या बाईला विचारा, सैन्य कमी झालं तर तिची सुरक्षा वाढते का घटते. म्हणून संकट म्हणजे सुरक्षेचं वाटोळं हे सरसकट मला मान्य नाही.

आणि दुसरी बाजू पण सांगते, माझ्याच मुद्द्याच्या विरोधात गेली तरी. मार्च २०२२ पासून तमिळ कुटुंबं छोट्या होड्यांतून धनुष्कोडीला यायला लागली, पोराबाळांसकट, रामेश्वरमजवळच्या वाळूच्या बेटांवर उतरवलेली. यावेळी कारण गोळीबार नव्हता, दुधाची भुकटी आणि तांदूळ होतं. तटरक्षक दलाने त्यांना काय शत्रू म्हणून पकडायचं? आणि ज्या सैनिकांना घरी पाठवलं किंवा जे पगार पुरेना म्हणून सोडून गेले, त्यातले शेकड्याने रशिया युक्रेनच्या लढाईत एजंटच्या थापांना भुलून गेले, काही मेले. हेही तुमच्या आंतरराष्ट्रीय सुरक्षेतच मोडतं ना? का त्याला जहाजासारखं टनेज, म्हणजे वजन, नाही म्हणून मोजायचं नाही?

नाखवा:
पोरी, बरोबर बोललीस. आमच्याकडे टनेजचीच सवय.

मिरचीच्या मुद्द्यावरून थायलंड आठवलं. १९९७ ला त्यांनी स्पेनकडून विमानवाहू नौका घेतली, मोठ्या थाटात, आशियात तेव्हा अशी मोजक्याच देशांकडे होती. त्याच वर्षी बाट, म्हणजे त्यांचं चलन, कोसळला. नौका बंदरातच बसून राहिली, तेल घालायला पैसे नाहीत. अमेरिकेकडून ८ एफ-१८ मागवली होती, ती पण ऑर्डर रद्द. कुणी थायलंडवर हल्ला केला? नाही. कुणाचं काही बिघडलं? नाही. पण शेजारी इंडोनेशियात तेच संकट गेलं आणि मे १९९८ ला सुहार्तो पडला, बत्तीस वर्षांची सत्ता. पुढच्या वर्षी पूर्व तिमोरमध्ये सार्वमत, त्यानंतरची जाळपोळ, आणि शेवटी ऑस्ट्रेलियाच्या नेतृत्वाखाली शांतिसेना. एकच संकट, एकाचं जहाज गंजलं, दुसऱ्याचा नकाशा बदलला.

तांबडा पांढरा:
हेच तर मी पहिल्यापासून ओरडतोय काका! संकट सारखं, निकाल वेगळा. म्हणजे निकाल संकट ठरवत नाही, घर आधीच कुठे कुजलंय ते ठरवतं.

हिशेबनीस:
कुजलेल्या घराला पाऊस लागतोच की पडायला. पाऊस काय ते कारण नाही म्हणणार का?

असो. हंबनटोटाबद्दल अजून एक स्पष्ट करतो, नाहीतर कुणीतरी येऊन चीनने कर्जाच्या बदल्यात बंदर हिसकावलं असं टाकेल आणि धागा तिकडे जाईल. ९९ वर्षांचा करार, २०१७, १.१२ अब्ज डॉलर. ते पैसे चीनचं कर्ज फेडायला गेले नाहीत, बंदराचं कर्ज श्रीलंकेच्या डोक्यावर तसंच राहिलं. डॉलर हवे होते ते गंगाजळी भरायला आणि बाकीची, मुख्यतः पाश्चात्त्य बाजारातली, देणी द्यायला. म्हणजे न्यूयॉर्क लंडनच्या रोखेधारकांना पैसे देण्यासाठी बंदर चीनला गेलं. हे व्हॉट्सॲपवर फिरतं त्यापेक्षा मला जास्त भयंकर वाटतं, कारण यात कुणी दुष्ट सावकार लागतच नाही.

पेठेतला:
ग्रीसचं पण तेच. युरोपने कर्ज देताना अट घातली सरकारी मालमत्ता विका, त्यांनी पिरायस बंदराचा ५१ टक्के हिस्सा २०१६ ला चीनच्या कॉस्कोला विकला. पुढच्या वर्षी जूनमध्ये संयुक्त राष्ट्रांत चीनच्या मानवी हक्कांवर युरोपियन युनियनचं निवेदन जाणार होतं ते एकट्या ग्रीसने अडवलं. नाटोचा सदस्य देश बरं का. विकायला लावलं जर्मनांनी आणि मग तेच बोंबलत होते.

मिरची पूड:
मग आपलं पण काढूया की. की फक्त चीनचंच काढायचं?

त्रिंकोमालीला दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या ९९ तेलाच्या टाक्या आहेत. त्या आपल्याला हव्या होत्या हे वर्षानुवर्षं चालू होतं, तिथल्या युनियन आणि राष्ट्रवादी मंडळी अडवत होती. करार सह्या होऊन झाला कधी? जानेवारी २०२२. म्हणजे जेव्हा श्रीलंका नाक दाबल्यासारखी झाली होती तेव्हाच. त्याच महिन्यात आपण ४०० दशलक्ष डॉलरचं स्वॅप, म्हणजे चलनाची अदलाबदल, दिलं, मग तेलासाठी ५००, मग अन्न औषधासाठी १ अब्ज, वर्षभरात मिळून ४ अब्जाच्या घरात मदत. त्या मदतीने लोकांच्या चुली पेटल्या हे खरंच आहे, मी नाकारत नाहीये. पण टाक्या पण आल्याच ना.

आणि मालदीव. मुइझ्झू निवडून आले तेच इंडिया आऊट म्हणत, मे २०२४ पर्यंत आपले सैनिक परत पाठवले. मग डॉलर आटले, रोखे बुडतात की काय अशी वेळ आली, आणि ऑक्टोबरमध्ये साहेब दिल्लीत. ४०० दशलक्ष डॉलर आणि वर ३ हजार कोटी रुपयांचं स्वॅप. तेव्हा इथे सगळ्यांनी काय टाळ्या वाजवल्या होत्या.

हिशेबनीस:
मिरची ताई, टाळ्या मीही वाजवल्या होत्या. पण हे माझ्याच बाजूने जातंय हे लक्षात घ्या. मालदीवचं परराष्ट्र धोरण पाच महिन्यांत फिरलं ते मतदारांनी नाही फिरवलं, डॉलरने फिरवलं.

मिरची पूड:
जातंय तुमच्या बाजूने, त्याबद्दल वाद नाही. माझा वाद पुढचा आहे. ज्याच्याकडे पैसे त्याने शेजाऱ्याच्या अडचणीत हवं ते घ्यायचं हे नियम म्हणून चालणार असेल तर युआन वांगला हरकत घ्यायला आपल्याकडे काय उरतं?

तांबडा पांढरा:
ताकद उरते. दुसरं काय असतं राजकारणात? आणि फिरलं फिरलं म्हणताय ते किती दिवसांसाठी? तेलाच्या टाक्या घेतल्या त्याच वर्षी ऑगस्टला ते जहाज आलंच की, ४ अब्ज देऊनही. मालेमध्ये उद्या चीनने जास्त दिले तर? भाड्याने घेतलेली मैत्री भाडं भरेपर्यंतच.

नाखवा:
जानेवारी २०२४ पासून श्रीलंकेने वर्षभर सगळ्याच परदेशी संशोधन जहाजांना बंदी केली होती, आणि ५ एप्रिल २०२५ ला कोलंबोत आपल्याशी संरक्षण सहकार्याचा करार झाला. तोही राष्ट्राध्यक्ष दिसानायकेंच्या सरकारने, ज्यांचा जेव्हीपी हा डावा पक्ष ऐंशीच्या दशकात भारतीय सैन्याच्या नावाने बोटं मोडत होता. तांबडा पांढरा, याला भाडं म्हणणार की अजून काही ते सांग, मी उद्या सकाळी वाचतो, आता डोळे दुखायला लागले.

तांबडा पांढरा:
सांगतो काका, पण दिसानायके त्याआधी जानेवारीत बीजिंगला जाऊन हंबनटोटाच्या रिफायनरीचा ३.७ अब्ज डॉलरचा करार करून आलेत, तो पण त्याच हिशेबात धरावा लागेल.